फुकट धान्यामुळे मजूर मिळेनासे झालेत का?

सुदामानगरकर

मंडळी नमस्कार. भाऊबीजेला मेहुण्यांकडे जेवायला होतो. त्यांच्या वरच्या मजल्याचं काम दिवाळीपासून ठप्प आहे, मजूर म.प्र.च्या आदिवासी पट्ट्यात, झाबुआकडे गावी गेले ते अजून परतले नाहीत. झालं, पानावरून उठेपर्यंत तोच विषय. सगळ्यांचं एकमत की सरकार फुकट गहू-तांदूळ देतंय, घरबसल्या पोट भरतंय तर हे लोक कशाला येतील उन्हात घमेली उचलायला. श्रीखंडाची दुसरी वाटी घेता घेता हे चाललं होतं, पण ते सोडा.

वाद घालावासा वाटला पण हातात काही आकडा नव्हता. म्हणून इथे विचारतोय. नेमकं किती धान्य मिळतं? तेवढ्यावर घर चालतं का? आणि झाबुआ-अलीराजपूर-धार पट्ट्यातल्या गरीब घरात खाण्यापिण्याची खरी अडचण कुठे आहे? ज्यांनी त्या भागात नोकऱ्या केल्यात त्यांनी जरूर लिहा. कृपया पक्ष आणू नका, मागच्या वेळी धाग्याला कुलूप लागलं होतं.

पोहेवाला_भिया

शेव-परमल घेऊन बसलोय. होऊ द्या.

ठेकेदार_इंदौरी

मेहुणे बरोबरच बोलले भाऊ. बांधकामाच्या लाइनमधे आयुष्य गेलं माझं. आधी सकाळी मजूर चौकात गाडी नेली की दहा जण स्वतःहून चढायचे, आता ते आपल्याला विचारतात काम कुठल्या मजल्यावर, चहा कितीदा, शनिवारी हप्ता रोख देणार का. एक तर मला तोंडावर म्हणाला, बाबूजी गेहूं तो घर में पड़ा है. आता बोला.

गणित_सुटेना

ठेकेदार साहेब, बोलतो. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा, त्यात माणशी महिन्याला 5 किलो. अंत्योदय कार्ड (सगळ्यात गरीब घरांचं) असेल तर घरटी 35 किलो. आधी गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून मोफत. म्हणजे फुकट व्हायच्या आधीही जवळजवळ फुकटच होतं, हे पंगतीत कोणी सांगत नाही.

आता पाच माणसांचं घर धरा, 25 किलो. सगळा गहूच आला असं समजू. 2025 मधे सरकारी खरेदीचा भाव 2425 आणि वर राज्याचा बोनस 175 होता, म्हणजे क्विंटलला 2600. तर 25 किलोचे झाले 650 रुपये. तुम्ही बिगारीला रोज किती देता? पाचशे? म्हणजे सरकार त्या घराला महिन्याला सव्वा-दीड रोजाचं धान्य देतंय. दीड रोजासाठी महिनाभर कोण घरी बसतं हो?

आणि 5 किलो म्हणजे दिवसाला 167 ग्रॅम. आपल्या घरच्या पोळीला 30 ग्रॅम कणीक लागते असं धरलं तर साडेपाच पोळ्या, दोन्ही वेळच्या मिळून. स्लॅब भरणारा माणूस एवढं दुपारच्या सुट्टीत खातो.

पोहेवाला_भिया

साडेपाच पोळ्या तर मी श्रीखंडाबरोबर खातो. आणि मी दिवसभर खुर्चीत असतो.

ठेकेदार_इंदौरी

गणित कागदावर ठीक आहे. मग चौक रिकामे का?

जोबट_शाखा

बँकेत होतो, अलीराजपूरकडच्या ग्रामीण शाखांमधे बरीच वर्षं गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

तिकडची जमीन आधी समजून घ्या. आपल्या माळव्याची काळी माती डोळ्यासमोर आणू नका. चढउताराचं रान, मुरूम, दगड, आणि भावाभावांत वाटण्या होत होत आता घरटी दोन-चार बिघे उरलेत. पाऊस पडला तर पीक. मका मुख्य, त्यात उडीद, आणि अलीकडे कापूस-सोयाबीन. भाद्रपदात कोवळी कणसं निघतात, पुढे मका घरात येतो तो कोठीत जातो. कोठी म्हणजे बांबूची विणलेली, आतून बाहेरून शेण-मातीने लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी. खाली एक हात जाईल एवढं भोक आणि त्यात चिंधीचा बोळा. रोज तिथून दळणापुरतं काढतात. घरातल्या बाईला विचारा, ती कोठीवर नुसती थाप मारून सांगते किती दिवसांचं आहे. होळीच्या सुमाराला बहुतेक कोठ्यांचा आवाज बदलतो.

मग भगोरिया (होळीआधीचा आदिवासी मेळा), होळी, आणि होळी झाली की गावंच्या गावं बाहेर. बडोदा, सुरत, राजकोट, मोरबी, काही इंदूर. लग्नसराईला आणि पेरणीला परत. आता सगळ्यात वाईट काळ सांगतो. लोकांना वाटतं उन्हाळा वाईट. नाही. आषाढ-श्रावण वाईट. कोठी रिकामी, बियाणं-खतात पैसा गेलेला, शेतात काम भरपूर पण मजुरी देणारं कोणी नाही, आणि नवीन पीक अजून उभं आहे. त्या दोन महिन्यांत बायकांच्या पायातले, गळ्यातले चांदीचे दागिने सराफाकडे जातात. कडं, हांसळी, कंदोरा. व्याज शेकडा दोन-तीन रुपये, दर महिन्याला. बँकेत का येत नाही म्हणून मी विचारायचो तर म्हणायच्या, साहेब तुमच्याकडे कागद लागतात, तिकडे फक्त चांदी लागते.

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, धान्याने काय झालं म्हणाल तर हे झालं. मका संपला की सावकाराच्या दारात जायची पाळी यायची, ती पुढे ढकलली गेली. काही घरांत आलीच नाही. याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा.

चौक रिकामे का याचंही सांगतो. दिवाळीनंतर सोयाबीन-मका काढून झालेला असतो, गहू-हरभऱ्याची पेरणी जिथे पाणी आहे तिथे चालू असते. आणि त्यांची दिवाळी आपल्या तारखेला नसते, गावागावाची वेगळी, पंच ठरवतील त्या दिवशी. ती झाल्याशिवाय कोणी हलत नाही. तुमच्या मेहुण्यांचा स्लॅब थांबेल.

विदर्भवासी

अप्रतिम प्रतिसाद. कोठीचं वाचून आमच्याकडच्या कणग्या आठवल्या.

आजी_तिळकनगर

मी 82 वर्षांची आहे, नातू टाइप करतोय. आम्ही शहरात राहूनसुद्धा रेशनचा लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) खाल्लाय बरं का. अमेरिकेचा गहू यायचा, मिलो यायची. भाकरी थापली की तुटायची. सासूबाई म्हणायच्या गुरांना घाला, पण गुरं होती कुठे, भाड्याच्या दोन खोल्या. तेव्हा आपणही रांगेत होतो आणि आम्हाला कोणी आळशी म्हटलं नाही.

(नातू: आजी आता मिलोबद्दल तासभर बोलणार आहे, मी इथे थांबवतो.)

पोहेवाला_भिया

आजींना साष्टांग. नातवाला टायपिंगचे पोहे माझ्याकडून.

मालविका_पर्यवेक्षिका

जोबट_शाखा यांच्याशी पूर्ण सहमत, फक्त एक भर. मी अंगणवाडीकडे होते, धार जिल्हा, आता निवृत्त. सगळे धान्य धान्य करताय, पण माझ्या रजिस्टरमधलं मूल धान्य नसल्यामुळे वाळत नव्हतं. पोळी होती. पोळीबरोबर काय, ते विचारा. मीठ-मिरची वाटून, नाहीतर पातळ राबडी, मका आणि ताक शिजवलेली, आणि ताकही कोणाकडे म्हैस असेल तर. डाळ म्हणजे पाहुणा आला तर. तेल पाव-पाव किलोच्या पिशवीतून, आठवड्याच्या हाटाला. पालक-मेथी हिवाळ्यात, मग उन्हाळ्यात काहीच नाही. कोंबड्या दारात फिरतात, पण अंडं आणि कोंबडी हाटात विकून मीठ-साबण येतं. सगळ्या जगाला झाबुआचा कडकनाथ कोंबडा माहीत, 2018 मधे त्याला जीआय टॅगही मिळाला, पण तो ज्यांच्या अंगणात वाढतो त्या घरातल्या पोरांच्या ताटात मी तो फार कमी पाहिला.

दंडाची पट्टी माहीत आहे का कोणाला? मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. 11.5 सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल. लाल आलं की पोषण पुनर्वास केंद्रात 14 दिवस आईसकट भरती. आईला बुडालेल्या मजुरीचे थोडे पैसेही मिळतात. तरी बाया पाचव्या-सहाव्या दिवशी निघून जायच्या, मी आधी खूप चिडायचे. पण घरी अजून दोन पोरं, शेळ्या, आणि नवरा गुजरातेत. शेळ्या कोण बघणार? मुलाचं वजन दोनशे ग्रॅम वाढवून घरी पाठवायचं आणि घरी परत तीच मीठ-मिरची.

देशाचा 2019-21 चा कुटुंब आरोग्य सर्व्हे काढून बघा, पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, आणि 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्त कमी. हे कायदा येऊन सहा वर्षं झाल्यानंतरचे आकडे आहेत.

ठेकेदार_इंदौरी

मग अंगणवाडीतून पोषण आहाराची पाकिटं देता ती कुठे जातात?

मालविका_पर्यवेक्षिका

घरात जातात. एका पोराच्या नावाचं पाकीट आणि घरात चार पोरं. आई एकट्यालाच देईल का? तुम्ही द्याल का?

शाकाहारी_सराफा

अंडी-अंडी सुरू व्हायच्या आत सांगतो, आपल्या राज्यात अंगणवाडीत अंडी देण्याचा विषय 2015 मधे निघाला तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच नाही म्हटलं होतं आणि ते योग्यच होतं. दूध द्या ना, केळी द्या.

मालविका_पर्यवेक्षिका

द्या की, कोणी अडवलंय. फक्त दूध 42 डिग्रीत तीस किलोमीटर मोटारसायकलवरून आणून दाखवा. आणि ज्या मुलांना द्यायचं होतं ती बहुतेक अंडी खाणाऱ्या घरातली होती. नको म्हणणारे सगळे दुसरेच.

संपादक

अंड्यांवरचे पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. वेगळा धागा काढा.

पोहेवाला_भिया

ऑम्लेट झालं वाटतं.

बडोद्याची_रश्मी

एक प्रत्यक्ष अडचण विचारते, कोणाला माहीत असेल तर सांगा. आमच्या सोसायटीच्या मागच्या साइटवर अलीराजपूरकडची दोन-तीन कुटुंबं राहतात, ताडपत्रीच्या टापऱ्यांत. त्यातली एक बाई दर महिन्याला फक्त धान्य घ्यायला गावी जाते. येण्याजाण्याचं भाडं, दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि दुकानाच्या मशीनवर अंगठा लागला नाही तर हात हलवत परत. एक देश एक रेशनकार्ड आलंय ना? मग तिला इथेच का मिळू नये?

गणित_सुटेना

मिळायलाच हवं. 2019 मधे सुरू झालं, 2022 च्या मध्यापर्यंत सगळी राज्यं आली. कार्डाला आधार जोडलेलं असलं की देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात. आणि हे फार लोकांना माहीत नाही की सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलावं लागत नाही, ती बडोद्यात आपल्या वाट्याचं घेऊ शकते आणि सासू-सासरे गावात त्यांचं. त्यासाठी 14445 हा नंबर आहे, 'मेरा राशन' ॲपही आहे. गावाकडचं कार्ड अडलं असेल तर म.प्र. साठी 181.

बडोद्याची_रश्मी

धन्यवाद, बघते. इथला दुकानदार "बाहेरचं कार्ड, स्टॉक नाही" म्हणाला होता.

जोबट_शाखा

स्टॉक नाही हे खरंही असू शकतं. बाहेरचे लोक जास्त आले की महिन्याच्या पंधरा-वीस तारखेला माल संपतो. पाच तारखेच्या आत पाठवा.

अंगठ्याबद्दल. सिमेंट-खडीत काम करणाऱ्यांच्या रेषा झिजतात, म्हाताऱ्यांच्या तर असतातच कुठे. बायका कंट्रोलच्या ओट्यावर बसून अंगठा डोक्याला, म्हणजे केसांच्या तेलाला घासतात, मग लुगड्याला पुसतात आणि मग मशीनवर ठेवतात. तीन-चारदा लाल दिवा, मग एकदा हिरवा. हिरवा लागला की मागची रांग हसते. आणि आता ई-केवायसी, म्हणजे आधारने ओळख पटवणं. ज्याचं झालं नाही त्याचं नाव गळण्याची टांगती तलवार. लहान मुलांचं आधार मूल पाच वर्षांचं झालं की परत अपडेट करावं लागतं, ते केलेलं नसतं. नवी सून आली तर तिचं नाव माहेरच्या समग्र आयडीतून (म.प्र.चा कुटुंबाचा ओळख क्रमांक) निघाल्याशिवाय सासरी चढत नाही. मधल्या काळात ती कुठेच नाही. गर्भार राहते ती नेमकी त्याच काळात.

गणित_सुटेना

हा मुद्दा मोठा आहे. वरून जागाच कमी आहेत. कायद्यात ग्रामीण 75 टक्के आणि शहरी 50 टक्के लोकसंख्येपर्यंत म्हटलंय, पण ती लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. त्यावरून 81 कोटींच्या वर आकडा ठरला आणि तिथेच राहिला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी 2020 मधेच म्हटलं होतं की त्यामुळे दहा कोटींहून जास्त लोक बाहेर राहिलेत. नवी जनगणना 2027 मधे. तोवर एक जण मेला किंवा कार्ड रद्द झालं तर दुसऱ्याला जागा.

राऊ_रंगवासा

थोडं अवांतर. आमच्या कामवाल्या बाई रेशनच्या तांदळातून पिवळट दाणे वेचून टाकतात, म्हणतात प्लास्टिक का चावल है. पाण्यात टाकलं की काही तरंगतात म्हणे. खरं काय?

मालविका_पर्यवेक्षिका

प्लास्टिक नाही हो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून तांदळासारखे दाणे पाडतात आणि शंभरात एक या प्रमाणात मिसळतात. 15 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं. त्या बाई नेमकं जे खायचं तेच वेचून फेकताहेत. पण दोष त्यांचा नाही, कोणी सांगितलंच नाही. पोत्यावर इंग्रजीत छापून काय उपयोग?

एक मात्र आहे, आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, जुलै 2023 मधे त्याची राष्ट्रीय मोहीमच शहडोलहून सुरू झाली. अशा रुग्णाने लोह किती घ्यावं यावर डॉक्टरांमधे वाद झालेत. घरात कोणाला असेल तर डॉक्टरला विचारून.

विदर्भवासी

आमच्याकडे महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं कार्ड. 2022 च्या दिवाळीत आनंदाचा शिधा आला होता, शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल. थट्टा झाली खूप, पण मालविकाताई म्हणतात ती डाळ आणि तेल त्यात होतं. दरमहा दिलं असतं तर मी थट्टा केली नसती. आणि मेळघाटात गर्भार बायकांना अंगणवाडीत बसवून एक वेळचं पूर्ण जेवण देतात, भात-भाकरी, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं. 2015 पासून. पाकिटापेक्षा हे बरं, कारण ते बाईच्याच पोटात जातं. (संपादक, अंडं ओघात आलं.)

शेतकरी_देपालपूर

मी सोयाबीनवाला आहे म्हणून बोलतो. आमच्या आजोबांच्या काळी माळव्यात ज्वारी, मका, तूर, मूग, उडीद सगळं शेतात असायचं. घरचं खाऊन उरलं ते विकायचं. नंतर सोयाबीन आलं, पैसा दिसला, ज्वारी गेली. सोयाबीन कोठीत ठेवून खाता येत नाही ना, ते विकूनच खावं लागतं. 2025 मधे हमीभाव 5328 होता, मंडीत त्याच्या बराच खाली, म्हणून भावांतर, म्हणजे फरक सरकारने द्यायचा. माझ्याकडे पंचवीस बिघे आणि विहीर आहे, मी ओढून नेतो. झाबुआच्या दोन बिघ्यांत ज्याने मक्याऐवजी सोयाबीन घेतलं त्याने भाव पडला की काय खायचं? तो तुमच्या चौकात येतो. आणि त्याला गहू-तांदूळ मिळतो, मका-ज्वारी नाही. मधे तर गहू कमी करून तांदूळच जास्त देत होते. मक्याची भाकरी खाणारे लोक, तांदूळ विकून टाकायचे. मग आपणच ओरडतो की बघा रेशन विकतात.

राऊ_रंगवासा

हे पटलं. आमच्या गल्लीत फटफटीवर येऊन रेशनचा तांदूळ घेणारा माणूस आहे, सगळ्यांना माहीत.

ठेकेदार_इंदौरी

बरं, सगळं वाचलं. मी अजूनही म्हणतो काही लोक बसून खातात. दारूचं कोणीच बोलत नाहीये. नवरा पितो, बाई-पोरं उपाशी, हे तुमच्या कुठल्या आकड्यात आहे?

मालविका_पर्यवेक्षिका

आहे ते. खूप आहे. पण म्हणूनच घरात पैसा येण्यापेक्षा धान्य येणं बायकांना बरं वाटतं. 25 किलोचा कट्टा नवऱ्याला खिशात घालून जाता येत नाही. विकणारे महाभाग आहेतच, तरी नोटेपेक्षा पोत्याला पाय कमी.

सुदामानगरकर

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. गणित_सुटेना यांचा 650 रुपयांचा हिशोब मेहुण्यांना व्हॉट्सॲप केला. उत्तर आलं, "तू कधीपासून समाजसेवक झालास" आणि खाली हात जोडलेले दोन. बहीण मात्र म्हणाली की मजुरांना दुपारी नुसता चहा देतात त्याऐवजी डाळ-भात घालायला ती तयार आहे, काम सुरू झालं की.

ठेकेदार साहेब, एक विचारू? गुजरातेत त्याच कामाचे किती मिळतात?

ठेकेदार_इंदौरी

शंभर-दीडशे जास्त. राहायला जागा देतात, आणि जोडप्याला एकत्र काम. माझ्याकडे बायकांना कमी रोज आहे, सगळेच तसं देतात.

जोबट_शाखा

म्हणजे चौक रिकामा का याचं उत्तर तुम्हीच दिलंत.

ठेकेदार_इंदौरी

दर वाढवला तर घरमालक देणार का? सुदामानगरकर, विचारा मेहुण्यांना, स्क्वेअर फुटामागे वाढवून देतात का. मग मी उद्या जीप पाठवतो जोबटला.

बडोद्याची_रश्मी

अपडेट: त्या बाईंना चार तारखेला नेलं. तिचा आणि नवऱ्याचा अंगठा लागला, दोघांचं 10 किलो मिळालं. तिन्ही पोरांचं ई-केवायसी बाकी दाखवतंय, त्यासाठी गावालाच जा म्हणाले. मोठ्याचं इथे होईल का? त्याचं आधार आहे पण लहानपणीचा फोटो आणि ठसे नाहीत.

गणित_सुटेना

आधी आधार केंद्रात ठसे अपडेट करा, ते बडोद्यात होतं. मग ई-केवायसी कुठल्याही रेशन दुकानाच्या मशीनवर व्हायला हवं, दुकानदार नाही म्हणाला तर 14445 ला तिथेच उभं राहून फोन लावा. कार्ड नंबर हाताशी ठेवा.